हालचाल सांगणाऱ्या इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा : ‘जिंजरली’चे उदाहरण

इंग्रजी मजकूर वाचताना क्रियापद कळले की वाचक पुढे सरकतो. ती क्रिया कशी झाली हे सांगणारे क्रियाविशेषण मात्र बहुधा अंदाजानेच ओलांडले जाते. माणूस उठला, वाकला, बसला एवढे समजले म्हणजे प्रसंग समजला असे वाटते. परंतु तो बिचकत बसला की धाडकन बसला, यातच पुष्कळदा प्रसंगाचे मर्म असते. अशी क्रियाविशेषणे नीट समजून घ्यायची असतील, तर त्यांचा आजचा अर्थ, त्यांचा वापर आणि त्यांचा उगम याच क्रमाने तपासावा लागतो, आणि हा क्रम उलटा केला की फसगत होते. पुढे तो मुख्यतः ‘जिंजरली’ या एका शब्दावर चालवून दाखवला आहे. हा शब्द निवडण्याचे कारण असे की तो दिसायला सोपा आणि म्हणूनच फसवा आहे. ‘जिंजर’ म्हणजे आले, हे सर्वांना ठाऊक असते. ‘ली’ हा क्रियाविशेषणाचा प्रत्ययही ओळखीचा असतो. आणि या दोन ओळखींची बेरीज करून जो अर्थ निघतो, तो सपशेल चुकीचा असतो.

आधी हालचाल पाहावी

शब्दकोशात ‘जिंजरली’पुढे ‘काळजीपूर्वक’ किंवा ‘सावधपणे’ असा प्रतिशब्द सापडतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. हिशेब काळजीपूर्वक तपासता येतो, करारनामा काळजीपूर्वक वाचता येतो. पण इंग्रजी भाषक हिशेब ‘जिंजरली’ तपासत नाही. या शब्दात काळजी आहे, पण ती शरीरातून दिसणारी काळजी आहे, आणि तिच्यामागे कसली तरी धास्ती आहे. म्हणून प्रतिशब्द वाचून कोश मिटू नये. त्या नोंदीखालची उदाहरणवाक्ये वाचावीत आणि प्रत्येक वाक्यात कोणता अवयव हलतो आहे, किती वेगाने हलतो आहे आणि हलणाऱ्याला नेमके कशाचे भय आहे, हे स्वतःला विचारावे.

पाय मुरगळल्यानंतर काही दिवसांनी माणूस पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा काय घडते ते पाहावे. तो पाऊल एकदम टेकवत नाही. आधी बोटे जमिनीला लागतात, मग चवडा, मग टाच. शरीराचा भार अजून दुसऱ्याच पायावर असतो, हात भिंतीचा आधार चाचपत असतो, आणि भार हळूहळू दुखऱ्या पायावर सोडताना कळ येते का याकडे सगळे लक्ष लागलेले असते. ही ‘जिंजरली’ टाकलेल्या पावलाची चोख व्याख्या आहे. क्रीडावार्तांकनात दुखापतीतून सावरणारा खेळाडू मैदानावर कसा चालतो किंवा पळून पाहतो, हे सांगताना हा शब्द वारंवार येतो, तो याच अर्थाने.

येथे भय स्वतःला इजा होण्याचे आहे. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांत भय वस्तूला इजा होण्याचे असते: जीर्ण हस्तलिखिताचे पान उलटणे, तडा गेलेले भांडे उचलणे. तिसऱ्या प्रकारात इजेचा प्रश्नच नसतो, किळस असते. मेलेला उंदीर शेपटीला धरून, अंगापासून शक्य तितका लांब ठेवून उचलणारा माणूसही तो ‘जिंजरली’च उचलतो. या तिन्ही प्रकारांत समान असे जे उरते, तेच शब्दाचे खरे क्षेत्र: स्पर्श किंवा भार कमीत कमी ठेवणारी, मधूनमधून थबकणारी, कोणत्याही क्षणी मागे घेता येईल अशी हालचाल.

हे एकदा दिसले की मराठी प्रतिशब्द एकच असणार नाही, हेही उघड होते. दुखऱ्या पायासाठी ‘बेताने’ किंवा ‘जपून’ योग्य ठरते, हस्तलिखितासाठी ‘हलक्या हाताने’, आणि उंदरासाठी ‘बिचकत बिचकत’ किंवा ‘चिमटीत धरून’. ‘अलगद’ हा शब्द मोहात पाडतो, पण तो जपून वापरावा. अलगद या शब्दात हलकेपणा आहे, कौशल्यही आहे, पण भय नाही. अलगद उचलणाऱ्याचा हात स्थिर असतो, तर ‘जिंजरली’ उचलणाऱ्याच्या हाताला पुढे काय होईल याची खात्री नसते. ‘मांजराच्या पावलांनी’ हा वाक्प्रचार तर येथे मुळीच चालणार नाही, कारण त्यात कोणाला चाहूल लागू नये हा हेतू आहे, आणि ‘जिंजरली’ला आवाजाशी काही देणेघेणे नाही.

मग क्रियापदे लावून पाहावीत

अर्थ पकडला असे वाटले तरी त्याची परीक्षा घ्यावी. त्यासाठी शब्द वेगवेगळ्या क्रियापदांशेजारी ठेवून पाहावा. स्पर्श करणे, पाऊल टाकणे, उचलणे, उघडणे, खुर्चीत बसणे, शिडी उतरणे यांच्याशी ‘जिंजरली’ सहज जुळते. झेप घेणे, फेकणे, आदळणे यांच्याशी जुळत नाही, कारण या क्रिया सुरू झाल्यावर मध्येच मागे घेता येत नाहीत. धावणे सीमेवर आहे: निरोगी माणूस ‘जिंजरली’ धावत नाही, दुखापतीनंतर चाचणी घेणारा धावू शकतो. लाक्षणिक वापरात नाजूक विषयाला हात घालणे, वाटाघाटी पुढे सरकवणे अशा क्रियांशीही तो येतो. पण तेथेही मूळ शारीरिक चित्र टिकून असते, म्हणून मराठीत तेथे ‘जपून पावले टाकत’ असे म्हटले तर ते कृत्रिम वाटत नाही.

याच टप्प्यावर शब्दाची व्याकरणातली जागा तपासावी. ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, हा शाळेतला नियम बऱ्याच अंशी उपयोगी असला तरी पुरता खरा नाही. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘काउअर्डली’ ही विशेषणे आहेत. ‘जिंजरली’ दोन्ही भूमिका करतो: पाऊल ‘जिंजरली’ टाकता येते, आणि टाकलेले पाऊलही ‘जिंजरली’ असू शकते. तसेच ‘ली’ काढून टाकल्यावर जे उरते, ते जिवंत विशेषण असतेच असे नाही. ‘स्लोली’मधून ‘स्लो’ निघतो आणि त्याचा अर्थ लागतो. ‘जिंजरली’मधून ‘जिंजर’ निघतो, पण आजच्या प्रमाण इंग्रजीत त्या रूपाला ‘बिचकणारा’ असा अर्थ नाही. येथेच अभ्यासकाने सावध व्हावे. प्रत्यय काढल्यावर उरलेला भाग अर्थाशी जुळत नसेल, तर बहुधा त्याच्या आड दुसराच, आता वापरात नसलेला शब्द दडलेला असतो.

प्रत्ययाचा स्वतःचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. आजचा ‘ली’ हा जुन्या इंग्रजीतील ‘लीचे’ या प्रत्ययाचा अवशेष आहे, आणि त्याच्या मुळाशी ‘लीच’ म्हणजे देह किंवा आकार हा शब्द आहे. म्हणजे मुळात हा प्रत्यय ‘अमुक रूपाने’ असे सांगत होता. देह या अर्थाचा हा शब्द ‘लिचगेट’ या जोडशब्दात टिकला आहे. अंत्यविधीसाठी आणलेले शव जेथे थोडा वेळ ठेवले जाई, त्या चर्चच्या आवाराच्या छत असलेल्या प्रवेशद्वाराला हे नाव आहे. ‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’ हाही याच कुळातला.

उगम शोधताना

आता उगमाकडे वळावे. येथे पहिला नियम असा की शब्दाचे रूप काय सुचवते यापेक्षा त्याची सर्वांत जुनी वापरलेली वाक्ये काय सांगतात याला अधिक मान द्यावा. यासाठी कालानुक्रमाने अवतरणे देणारा कोश लागतो. इंग्रजीसाठी असा सर्वांत मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 मध्ये या कामाची कल्पना पुढे आली, पहिला भाग 1884 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पहिली आवृत्ती 1928 मध्ये पूर्ण झाली. दीर्घकाळ संपादक राहिलेले जेम्स मरे यांच्याकडे असंख्य वाचकांनी जुन्या ग्रंथांतील वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, आणि त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर प्रत्येक अर्थ केव्हापासून दिसतो हे मांडता आले. मोठ्या ग्रंथालयांतून हा कोश पाहता येतो. तो हाताशी नसेल तर व्युत्पत्ती देणारा कोणताही विश्वसनीय कोश चालेल, मात्र त्यात निदान शतकाचा उल्लेख असावा. काळ न सांगता केवळ उगमाची गोष्ट सांगणाऱ्या मजकुरावर विसंबू नये, मग ती गोष्ट कितीही रंजक असो.

‘जिंजरली’ इंग्रजीत 16व्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ भीतीचा नसून नजाकतीचा आहे: डौलाने, नाजूकपणे, लहान लहान पावले टाकत. नृत्य आणि चाल यांच्या संदर्भात तो येतो. ‘अत्यंत जपून’ हा अर्थ 1600 च्या सुमारास बळावतो. हा क्रम हाती आला की पुढचे निम्मे काम झाले, कारण कोणतीही व्युत्पत्ती सुचवली गेली तरी तिने आधी नजाकतीचा अर्थ समजावून दिला पाहिजे, आणि भीतीचा अर्थ त्यातून नंतर कसा निघाला तेही सांगता आले पाहिजे.

या स्थित्यंतराच्या काळातले एक वाक्य जवळून पाहण्यासारखे आहे. शेक्सपिअरच्या ‘द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकाच्या पहिल्या अंकात, दुसऱ्या प्रवेशात, ज्युलियाची दासी लुसेटा प्रेमपत्र खाली पडू देते आणि वाकून उचलते. ज्युलिया तिला विचारते की एवढे ‘जिंजरली’ काय उचललेस, आणि लुसेटा उत्तर देते, काही नाही. या ठिकाणी नाजूकपणा आणि जपणूक हे दोन्ही अर्थ एकाच वाकण्यात मिसळलेले आहेत. कागद फुटणारा नाही, बोचणाराही नाही. पण तो मालकिणीच्या नजरेत यावा अशा बेताने, दोन बोटांत धरून उचलला जातो आहे. नटीने हे वाकणे कसे करावे, याची सूचनाच जणू त्या एका क्रियाविशेषणात आहे. नाजूक बोटांनी केलेली हालचाल बाहेरून जपून केलेल्या हालचालीसारखीच दिसते, आणि अर्थ डौलाकडून धास्तीकडे सरकण्याची वाट तिथेच सापडते. हालचालीच्या शब्दांत असे सरकणे पुष्कळ आढळते: बाह्य रूप तेच राहते, त्यामागचे कारण बदलते.

आता दोन संभाव्य मुळे ध्वनी, काळ आणि अर्थ या तीन कसोट्यांवर घासून पाहावीत. पहिले मूळ आल्याचे. ध्वनी तंतोतंत जुळतो. काळही जुळतो, कारण आल्याचे नाव इंग्रजीत 16व्या शतकाच्या कितीतरी आधीपासून आहे. अर्थ मात्र अजिबात जुळत नाही. आले तिखट, झणझणीत; त्यावरून इंग्रजीत जे क्रियापद खरोखर तयार झाले, ‘जिंजर अप’, त्याचा अर्थ चेतवणे, तरतरी आणणे असा आहे, म्हणजे ‘जिंजरली’च्या जवळजवळ विरुद्ध. आले हळूच खावे लागते म्हणून हा अर्थ आला, अशी ओढूनताणून संगती लावता येईल, पण ती सर्वांत जुन्या वाक्यांतल्या डौलाला लागू पडत नाही, म्हणून ती सोडून द्यावी.

दुसरे मूळ जुन्या फ्रेंचमधले आहे. ‘जेन्त’ म्हणजे सुंदर, नाजूक, कुलीन असे एक विशेषण होते. त्याचे तुलनादर्शक रूप ‘जेन्सोर’. हे रूप केवळ ‘अधिक नाजूक’ अशा अर्थाने न राहता साध्या ‘नाजूक’ या अर्थानेही वापरले जाई, आणि त्यापासून इंग्रजी शब्द आला असावा असे कोशकार मानतात. ध्वनी बऱ्यापैकी जुळतो, काळ जुळतो, आणि जुना अर्थ तर नेमका जुळतो. ‘जेन्त’ हा लॅटिन ‘गेनितुस’ म्हणजे ‘जन्मलेला’, अर्थात चांगल्या कुळात जन्मलेला, यावरून आला. हे लॅटिन रूप आणि संस्कृतातील ‘जन्’ धातू एकाच प्राचीन मुळाचे आहेत, त्यामुळे ‘जन्म’ आणि ‘जिंजरली’ यांचे दूरचे नाते निघण्याची शक्यता आहे. ती शक्यता आहे, एवढेच म्हणावे. कोशात या व्युत्पत्तीपुढे ‘बहुधा’ असते. आपल्या टिपणात तो ‘बहुधा’ गाळू नये. माझ्या मते व्युत्पत्तीच्या लेखनात सर्वाधिक बेइमानी होते ती याच एका शब्दाबाबत, कारण तो गाळला की वाक्य ठाशीव दिसते.

आल्याचे इंग्रजी नाव मात्र खरोखरच भारतातून गेलेले आहे. ग्रीक ‘झिंगिबेरिस’, लॅटिन ‘झिंगिबेरी’ या मार्गाने ते युरोपात पोहोचले, आणि त्यामागे पालीतील ‘सिंगिवेर’ व संस्कृतातील ‘शृंगवेर’ ही रूपे आहेत. ‘शृंगवेर’ वाचताच शिंगासारखा आकार डोळ्यांपुढे येतो आणि नाव त्यावरूनच पडले असे वाटते. परंतु अनेक भाषाभ्यासकांच्या मते मूळ शब्द द्राविड आहे: आल्याला तमिळमध्ये ‘इंजी’ म्हणतात आणि मुळाला ‘वेर’, या जोडीशी मिळत्याजुळत्या परकीय शब्दाला संस्कृत भाषकांनी ओळखीच्या शृंगाचे रूप दिले. अपरिचित शब्दात परिचित शब्द पाहण्याच्या या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘जिंजरली’त आले पाहणारा आजचा वाचक नेमके तेच करत असतो.

चुकीचा अंदाज शब्दालाच बदलतो तेव्हा

लोकव्युत्पत्ती केवळ वाचकाच्या मनात राहते असे समजू नये. कधीकधी ती शब्दाच्या अंगावर उमटते. याचे उत्तम उदाहरण ‘हेडलाँग’. आज त्यात ‘हेड’ आणि ‘लाँग’ हे दोन शब्द स्पष्ट दिसतात, पण लांबीचा आणि या शब्दाचा संबंध नाही. मूळ रूप ‘हेडलिंग’ असे होते. ‘लिंग’ हा जुन्या इंग्रजीत दिशा किंवा स्थिती दाखवणारा क्रियाविशेषणाचा प्रत्यय होता, म्हणून ‘हेडलिंग’ म्हणजे डोक्याच्या दिशेने, डोके पुढे करून. जॉन वायक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या परंपरेतल्या, 14व्या शतकातल्या इंग्रजी बायबलात डुकरांचा कळप समुद्रात झेपावतो तो ‘हीडलिंग’. पुढे हा प्रत्यय लोकांना अनोळखी झाला, 15व्या शतकात त्याच्या जागी ओळखीचा ‘लाँग’ बसला, आणि 1611 च्या बायबलमध्ये ल्यूकच्या चौथ्या अध्यायात येशूला कड्यावरून ढकलण्याचा बेत होतो तेथे ‘हेडलाँग’ हेच रूप छापलेले आहे. तिरकस नजरेसाठी वापरला जाणारा ‘साइडलाँग’ हाही असाच ‘साइडलिंग’चा बदललेला अवतार.

अर्थाच्या बाजूने ‘हेडलाँग’ला वरचीच पद्धत लावावी. पडण्याशी तो आला तर डोके आधी आणि पाय मागे असे शब्दशः चित्र असते, तेथे मराठीत ‘तोंडघशी’ हा शब्द शरीराच्या स्थितीपुरता बरोबर बसतो. धावणे, घुसणे यांच्याशी आला तर ‘बेभानपणे’, ‘मागचापुढचा विचार न करता’ असा अर्थ होतो, आणि तेथे ‘तोंडघशी’ चालणार नाही, कारण मराठीत लाक्षणिक अर्थाने तोंडघशी पडणे म्हणजे फजिती होणे, तर ‘हेडलाँग’मध्ये फजिती अजून झालेली नसते, केवळ लगाम सुटलेला असतो.

‘लिंग’ प्रत्ययाने आणखी एक गंमतीचे काम केले आहे. पालथे पडून, जमिनीला तोंड लावून, या अर्थाचे ‘ग्रॉव्हलिंग’ हे मुळात क्रियाविशेषण होते. त्याचा पहिला भाग जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेतून, आला. पण ‘इंग’ने संपणारे रूप म्हणजे क्रियापदाचे चालू रूप, असा समज रूढ असल्यामुळे लोकांनी त्यातून ‘ग्रॉव्हल’ हे क्रियापद काढले, आणि 16व्या शतकाच्या अखेरीस ते शेक्सपिअरच्या लेखनात दिसते. तसेच ‘साइडलिंग’मधून 17व्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सायडल’, म्हणजे अंग तिरपे करून हळूच सरकणे, हे क्रियापद निघाले. म्हणून हालचालीचे एखादे इंग्रजी क्रियापद आणि क्रियाविशेषण शेजारी दिसले, तर क्रियापद आधीचे असे गृहीत धरू नये. दोहोंच्या पहिल्या नोंदींची शतके ताडून पाहावीत. आणि ‘डकलिंग’सारख्या नामांतला लहानपण सांगणारा ‘लिंग’ हा वेगळा प्रत्यय आहे, त्याची येथे गल्लत करू नये.

टिपण कसे करावे

प्रत्येक शब्दासाठी एक स्वतंत्र कागद किंवा नोंद ठेवावी. वर हालचालीचे वर्णन स्वतःच्या मराठीत दोन-तीन वाक्यांत लिहावे, प्रतिशब्दांनी नव्हे. प्रतिशब्द त्याखाली, ज्या संदर्भात बसतात त्या संदर्भासह यावेत. मग जुळणारी आणि न जुळणारी क्रियापदे, मग सर्वांत जुना अर्थ शतकासह, आणि शेवटी उगम, कोशाने तो निश्चित म्हटला आहे की संभाव्य हे स्पष्ट नोंदवून. नाकारलेली व्युत्पत्तीही नाकारण्याच्या कारणासह लिहून ठेवावी, नाहीतर काही महिन्यांनी तीच पुन्हा नव्याने सुचते आणि पुन्हा खरी वाटते. नोंद पुरी झाल्यावर त्या शब्दाचे एक इंग्रजी वाक्य स्वतः रचावे आणि मराठीत उतरवावे. ते उतरवताना हलणारा अवयव आणि त्यामागचे भय किंवा आवेग मराठी वाक्यातही दिसत नसेल, तर नोंदीच्या पहिल्या भागाकडे परत जावे.